वायफाय लागेपर्यंत

७ जानेवारी

उभं राहिलं! भाजी फोडणीला टाकली आणि सहज म्हणून लॅपटॉप चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरासर वर पळाल्या आणि शेवटी एकच ओळ शांतपणे थांबली, नाव विचारत. मी ‘मनोरमा’ लिहिलं, पासवर्ड टाकला, आणि त्याने मला आत घेतलं. भाजी लागली. रमेश आतून म्हणाला, “करपल्याचा वास येतोय गं.” म्हटलं, “येऊ दे!”

(तोंडाने मी त्याला ‘अहो’च म्हणते, पण डायरीत रमेश. डायरीत कसली लाज.)

गणपतीत कौस्तुभ पुण्याहून आला तेव्हा हा लॅपटॉप इथे टाकून गेला होता. “मंद झालाय आई, भंगारात दे.” मला कारखान्यातून निवृत्त होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मंद झालाय म्हणून भंगारात, हे वाक्य मला झोंबलं. शोधताना कळलं, जुन्या यंत्रावर लोक लिनक्स नावाची हलकी सिस्टीम घालतात. तयार मिळतं. पण इडलीचं पीठ दुकानातून आणणारी बाई मी नव्हे. मग नेटवर एक फुकट मार्गदर्शिका सापडली, कच्च्या कोडपासून एकेक भाग स्वतः घडवत अख्खी सिस्टीम उभी करायची. रंगाच्या कारखान्यात जन्मभर नमुने तपासले, कार्यपद्धतीच्या कागदावर बोट ठेवून. तसंच इथेही केलं. लॅपटॉप तापायचा म्हणून त्याच्याखाली स्टीलचं ताट पालथं घालून ठेवायचे.

फक्त वायफाय लागत नाही. पाच वर्षांच्या मुलाकडेही असतं ते, माझ्या यंत्राकडे नाही.

ते लागलं की कौस्तुभला उत्तर द्यायचं आहे. दिवाळीत रमेश बाथरूममध्ये घसरला तेव्हापासून कौस्तुभ आणि सूनबाई संपदा धोशा लावून बसलेत की विरारचं हे मनवेलपाड्याचं घर सोडा, पुण्याला या. त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावरची जागा रिकामी होतेय. मी सांगितलंय, “हे माझं काम पुरं होऊ दे. वायफाय लागलं की ह्याच यंत्रावरून तुला मेल करते.” रमेशला जायचंय हे तर उघडच आहे. मुलगा जवळ, लिफ्ट, संध्याकाळी बागेत बसायला समवयस्क. माझं काय, मी कुठेही राहीन.

१० जानेवारी

रोग सापडला. सुरुवातीला ज्या ओळी पळतात त्या एका फाइलमध्ये, लॉगमध्ये, साठतात, त्या सावकाश वाचल्या. वायरलेसच्या चिपपाशी लिहिलंय: फर्मवेअर लोड करता आलं नाही, एरर उणे दोन. उणे दोन म्हणजे ‘अशी फाइलच नाही’.

फर्मवेअर म्हणजे काय ते दुपारभर वाचलं. ही वायरलेसची चिप वीज आली की अगदी कोरी असते, तिला काहीच येत नाही. दर वेळी यंत्र सुरू होताना तिचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम तिच्यात ओतावा लागतो. ओतायचं काम ड्रायव्हरचं, म्हणजे चिप आणि सिस्टीम यांच्यातल्या दुभाष्याचं. ड्रायव्हर मी घडवला आहे. ओतायचं ते मात्र चिप बनवणारी कंपनी देते, तेही सीलबंद, आत काय आहे ते कुणाला बघता येत नाही.

राग आला. सगळा मसाला घरी भाजून कुटला आणि शेवटी एक पुडी बाहेरचीच? रमेशला सांगितलं. तो म्हणाला, “मग नकोच घालू. तत्त्व म्हणजे तत्त्व. वायफाय नाही तर नाही.”

इतकी वर्षं ह्या माणसाने माझ्या कुठल्याही तत्त्वाला पाठिंबा दिलेला नाही. गंमत वाटली.

१५ जानेवारी

काल संक्रांत. कौस्तुभचा फोन. “आई, लॉग पाठव, दोन मिनिटांत सांगतो.” मी म्हटलं, माझा प्रयोग मी करीन, तू परीक्षक आहेस, परीक्षकाने पेपर सोडवायचा नसतो. मग त्याने हळूच विचारलं, “आणि पुण्याचं? घरमालक विचारतोय.” म्हटलं, वायफाय लागू दे.

तरी आज त्याची मेल आलीच. फोनवर नुसती विषयाची ओळ दिसली: ‘आई, ड्रायव्हर वाय केलायस की एम?’ उघडली नाही. मी नाही म्हणजे नाही.

रमेश सकाळी फिरायला जातो तो हल्ली जेवायच्या वेळेलाच उगवतो. चपलांना लाल माती. म्हटलं, “जीवदानीचा डोंगर चढता की काय, गुडघा घेऊन?” तर म्हणे, रस्त्याचं काम चाललंय. येताना पिशवीत मुळे होते. इतके कोवळे मुळे विरारच्या बाजारात मी तरी पाहिले नाहीत.

२० जानेवारी

शेवटी तत्त्व बाजूला ठेवलं. पुडी घ्यायची ठरवली. फोनवर फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्हवरून लॅपटॉपमध्ये जिथे ठेवायला सांगितली आहे त्या जागी ठेवली. पुन्हा सुरू केलं. उणे दोन.

नीट पाहिलं तर माझी फाइल दुसऱ्याच नंबरची. एका घराण्यातल्या, नाकीडोळी सारख्या वीस फाइली. चिप मागतेय एक, मी वाढतेय दुसरी. बरोबर नंबरची आणली. पुन्हा सुरू केलं.

उणे दोन.

फाइल आहे, मला डोळ्यांनी दिसतेय, नाव अक्षर न अक्षर तेच. आणि यंत्र म्हणतं फाइलच नाही. लॅबमध्ये असं झालं की आम्ही म्हणायचो, चूक नमुन्यात नाही, चूक बाईत आहे.

रमेशला सांगितलं, आजही नाही लागलं. तो “अरेरे” म्हणाला आणि संध्याकाळी जिलबी घेऊन आला. म्हटलं, नापास झाल्याची जिलबी? म्हणे, “धीर धरायला ताकद लागते.”

२४ जानेवारी

पेनड्राइव्ह सापडत नाही. टीव्हीशेजारच्या वाटीत ठेवला होता. सोफ्याच्या गाद्या काढल्या, कणकेचा डबासुद्धा उघडून पाहिला. रमेशही शोधत होता बिचारा, सारखा म्हणत होता, “मिळेल गं, घाई काय आहे?”

२६ जानेवारी

मिळाला. रमेशच्या कापडी पिशवीत, मेथीच्या दाण्यांच्या पुडीखाली. मी तिथे कशाला ठेवला असेल? साठीला आलं की डोकं असं चालतं. आणि इतकी मेथी कशाला आणली म्हणून विचारलं तर म्हणे सांधेदुखीवर. चला, निदान गुडघ्याची काळजी घेतोय.

३० जानेवारी

भुईगावला कॅथरिनकडे गेले होते. लॅबमध्ये शेजारी बसून आम्ही दोघींनी अर्धं आयुष्य काढलं. तिच्या वाडीतल्या गल्लीत अजूनही दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुंपणाला टेकावं लागतं. ती केळीचे घड उतरवून घेत होती. मी ओट्यावर बसून तिला फर्मवेअर समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “मनोरमा, तुझ्या मुलाची मेल उघडलीस का?”

“नाही.”

“का?”

“मला स्वतः करायचंय.”

“बीटा-नॅप्थॉलच्या नमुन्याला गाठ आली तेव्हा स्वतः करत बसलीस? मला हाक मारलीस, साहेबांना फोन केलास, सगळा मजला उठवलास.”

“ते कारखान्याचं काम होतं.”

“तुला पुण्याला जायचं नाहीये,” ती म्हणाली. “नाही तर नाही म्हण. त्या लॅपटॉपला कशाला राबवतेस?”

कॅथरिनचं हे पहिल्यापासून असं. कशाचा संबंध कशाशी जोडेल सांगता येत नाही. मी म्हटलं, रमेशला जायचं असताना मी नाही म्हणणारी कोण? ती म्हणाली, “त्याने तसं सांगितलं?” सांगायला कशाला हवं? पस्तीस वर्षांत माणूस कळतो.

येताना समुद्रावर गेलो दोघी. वाळूवर चालता चालता कारखान्यातल्या एकेका साहेबाची नक्कल केली. पोट धरून हसलो. घरी आल्यावर कसंसंच वाटत राहिलं. उन्हामुळे असेल.

४ फेब्रुवारी

काही केलं नाही. लसूण सोलली.

८ फेब्रुवारी

लागलं.

नीट लिहून ठेवते. जेवणानंतर त्या पळणाऱ्या ओळी पुन्हा काढल्या आणि ह्या वेळी काय लिहिलंय यापेक्षा कशाच्या नंतर काय लिहिलंय ते पाहिलं. चिप आपली फाइल मागते ती ओळ वर आहे. डिस्क जोडली गेल्याची ओळ तिच्या खाली आहे! म्हणजे पुडी कपाटात आहे, पण कपाट उघडायच्या आधीच विचारणा होते. ‘नाही’ असं उत्तर मिळतं आणि पुन्हा कुणी विचारत नाही. कारण मी ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, आतच घट्ट बसवून टाकला होता. तो सुटा ठेवायचा, डिस्क जोडल्यावर मग बोलवायचा. कर्नल घडवताना जी यादी भरतात तिच्यात, आत बसवायचा असेल तर ‘वाय’ लिहितात, सुटा ठेवायचा असेल तर ‘एम’.

‘ड्रायव्हर वाय केलायस की एम?’ ही ओळ मी पंधरा जानेवारीला वाचली होती. माझ्याच अक्षरात ह्या डायरीत आहे. तेव्हा डोक्यात कसं आलं नाही, कोण जाणे.

‘वाय’चा ‘एम’ केला, कर्नल पुन्हा घडवायला लावला, तेवढ्यात मटार सोलले. पुन्हा सुरू केलं. एरर नाही. आजूबाजूला कोणकोणती वायफाय आहेत ते विचारलं तर अख्खी इमारत पडद्यावर आली. ‘जय जीवदानी’, ‘विचारल्याशिवाय वापरू नये’, ‘शर्मा टू’, कुणाचं तरी ‘बायको झोपली आहे’, आणि त्यात आमचं ‘केळुसकर हॉल’. पासवर्ड दिला. जगातल्या कुठल्याशा दूरच्या यंत्राला हाक मारली. त्याचं उत्तर आलं. पुन्हा आलं. एकाखाली एक उत्तरं येतच राहिली.

मी टाळ्या वाजवल्या. एकटीच होते घरात. मग बसून राहिले. खिडकीतून समोरच्या चाळीतल्या बायका पापड उलटताना दिसत होत्या, एकीने हात केला, मी केला. तिचं नाव यमुना. गेल्या वर्षी तिने मला पापडाचं पीठ कुटायला घेतलं होतं आणि दहा मिनिटांत हाकलून दिलं होतं. पुण्याला असं कोण हाकलून देईल?

रमेश आला. पहिला प्रश्न, “लागलं का?”

“नाही,” मी म्हटलं.

असं का म्हटलं मी? उद्या सांगते.

९ फेब्रुवारी

सांगितलं नाही. रमेशने आज पुन्हा जिलबी आणली. मी दोन जास्त खाल्ल्या.

१२ फेब्रुवारी

आज दुपारी बेल वाजली. दारात दयाराम. रमेशच्या विमा ऑफिसात रेकॉर्ड विभागात होता, चांदीपला त्याची शेती आहे. खांद्यावर गोणी. रमेश तेवढ्यात दाढीचं सामान आणायला खाली गेला होता.

“वहिनी, साहेबांची वांगी,” म्हणून त्याने गोणी ठेवली. “काल तोडली, पन साहेबांना बस गाठायची होती, न्यायची राहिली.”

“साहेबांची?”

“त्यांच्या वाफ्यातली. मुळे संपले, आता वांगी हायत. मेथी पन वर आलीय चांगली.” मी पाणी आणून दिलं, ते प्यायला आणि कौतुकाने सांगत सुटला. “रोज येतात. पानी द्यायला मला हातच लावू देत नाहीत. आमची घरवाली यशोदा म्हनते, साहेबांना आता न्याहारी इथेच द्यायची. फक्त एक विचारायचं होतं वहिनी. तुमी पुन्याला जानार ते कधी? साहेबांना विचारलं की गप बसतात. भेंडी लावायची का नाय ते ठरवायला पायजे.”

इतक्यात रमेश आला. गोणी पाहिली, दयारामला पाहिलं, मला पाहिलं. दयाराम शहाणा. म्हणाला, बस चुकेल, आणि गेला.

मी म्हटलं, “रस्त्याचं काम चाललंय म्हणालात.”

“चाललंय की. चांदीपच्या रस्त्याचं.”

“मेथी गुडघ्याला?”

“वाकून पेरली म्हणजे गुडघ्यालाच.” मग सोफ्याच्या कडेवर बसला. “तुला सांगणार होतो. पण तुझं सगळं ठरलेलं दिसत होतं. ते यंत्र संपवायचं, कौस्तुभला मेल करायची, निघायचं. दिवसभर खपत होतीस त्याच्यासाठी. म्हटलं तुझ्या जाण्याच्या आड मी वांगी आणायची?”

“माझ्या जाण्याच्या?” मी ओरडलेच. “तुम्हाला जायचंय!”

“मला? मी कधी म्हणालो?”

“मग मी कधी म्हणाले?”

मग मी सांगून टाकलं, “चार दिवस झाले. वायफाय लागलंय.”

तो आधी दचकला. मग असा काही हसायला लागला की त्याला ठसका लागला. पाठीवर थापट्या मारता मारता माझ्या डोक्यात उजेड पडला. “पेनड्राइव्ह!”

“दोनच दिवस ठेवला होता,” तो डोळे पुसत म्हणाला. “मला वाटलं, त्याच्याशिवाय अडेल तुझं.”

ह्या माणसाबरोबर मी कुठल्या भरवशावर पस्तीस वर्षं काढली? भरली वांगी केली. इतकी गोड वांगी मी तरी खाल्ली नव्हती, हे मात्र त्याला सांगितलं नाही. आधीच फार चढलाय.

१३ फेब्रुवारी

मेल लिहायला बसले. चार वेळा पुसली. शेवटी फोनच केला. येत नाही म्हणून सांगितलं. हसतखेळत सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

कौस्तुभ म्हणाला, “आई, मी दोन महिने घरमालकाला थोपवून धरलंय.” आणि मग, “बाबा पुन्हा पडले तर? फोन आल्यावर निघायचं, आणि गाडीत बसून नुसता विचार करत राहायचं, पोचेपर्यंत काय झालं असेल. दिवाळीत केलंय मी ते.”

त्याचं चुकत नव्हतं. रमेशने फोन घेतला आणि म्हणाला, “अरे, तेव्हा फरशी ओली होती. मी म्हातारा नव्हतो.” पण कौस्तुभ हसला नाही. “ठीक आहे,” म्हणाला आणि ठेवला.

रमेश चांदीपला गेला नाही आज. मीही लॅपटॉप उघडला नाही. आम्ही दोघांनी मिळून मुलाला दुखावलं. आजवर पाळी पाळीने दुखवायचो.

१६ फेब्रुवारी, रविवार

न सांगता आला. सकाळी दार उघडलं तर कौस्तुभ, पाठीला बॅग आणि हातात ड्रिल मशीन. “संपदाने दिलंय हे,” म्हणाला. “नुसता कुढू नकोस, जाऊन भिंतीला दांडे तरी लाव म्हणाली.” चहासुद्धा न घेता बाथरूममध्ये शिरला. दोन तास भोकं पाडत होता. वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला येऊन गेले. आता आमच्या बाथरूममध्ये इतके दांडे आहेत की घसरायचं म्हटलं तरी जागा शोधावी लागेल. खाली खरखरीत पट्ट्याही चिकटवल्या. मग बापाला उभं करून प्रत्येक दांडा धरायला लावला. रमेशने निमूटपणे धरला.

जेवताना कौस्तुभने तिसरं वांगं वाढून घेतलं आणि विचारलं, “ही खरंच बाबांनी लावलीत?” रमेशने त्याला वाफा, पाणी, खत सगळं इतकं सविस्तर सांगितलं की ताक संपलं. शेवटी ठरलं ते असं: आम्ही राहायचं इथेच, पण दर दोन-अडीच महिन्यांनी आठवडाभर पुण्याला जायचं, कारणं न सांगता. पहिली खेप होळीला. रमेश म्हणाला, “भेंडी लावून झाली की.” मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “होळीला. होळीलाच.”

जेवण झाल्यावर कौस्तुभ म्हणाला, “दाखव आता.” मी लॅपटॉप काढला, ताट पालथं घातलं, त्यावर ठेवला. ओळी पळाल्या. नाव विचारलं. त्याने माझ्याकडे बघून ‘मनोरमा’ लिहिलं, मी पासवर्ड टाकला. मग तो एकेक आज्ञा देऊन बघत राहिला, बराच वेळ, लहानपणी घड्याळ उघडून बसायचा तसा.

“चौदा सेकंदांत सुरू होतं,” म्हणाला. “ऑफिसचं माझं मिनिटभर घेतं.”

“मंद नव्हता तो,” मी म्हटलं.

“नव्हता,” तो म्हणाला. “माझी मेल वाचली होतीस?”

“विषय वाचला होता.”

“विषयातच उत्तर होतं, आई.”

“ते मला कळलं. उशिरा कळलं.”

मान हलवून त्याने वायरलेसची फाइल उघडली, ज्यात आमच्या घरचं नाव आणि पासवर्ड मी लिहून ठेवलाय. त्याच्या खाली आणखी दोन ओळी टाकायला लागला. विचारलं काय करतोयस. म्हणाला, “ह्याला माझ्या घरचं वायफाय सांगून ठेवतोय. तुम्ही आलात की काही करावं लागणार नाही, दारात शिरल्या शिरल्या आपोआप लागेल.”

मी चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून पाहिलं. पासवर्डच्या जागी त्याने लिहिलं होतं ‘मनवेलपाडा’, आणि पुढे आमच्या फ्लॅटचा नंबर.

म्हटलं, “अरे, इतका सोपा पासवर्ड ठेवतात का? ओळखीचा कुणीही सांगेल. बदल तो.”

“राहू दे गं,” तो म्हणाला आणि फाइल बंद केली.

संध्याकाळच्या गाडीने गेला. वांगी, मेथी आणि यमुनाकडचे पापड दिले बरोबर. त्या पासवर्डचं होळीला गेले की पुन्हा सांगायला हवं.